वाजवून दे

आक्काताईंनी स्पीकरला टिचकी मारली तेव्हा मी खो खो हसले. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्याच कानफटात एक ठेवून द्यावीशी वाटते.

"आजी, मडकं नाही ते," मी म्हटलं.

"ते दिसतंय गं मला," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या स्पीकरलाही मारली. मधलं बोट अंगठ्याखाली दाबून, नेम धरून. बंद खोलीत टक् असा स्वच्छ आवाज उठला. मग कान त्या काळ्या डब्याजवळ नेऊन त्या थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या. "साठ वर्सं मडकी वाजवण्यात गेली. बोटाला सवय हाय, दुसरं काय."

खुर्चीत बसलेले त्यांचे मालक, दत्तोबा कुंभार, नुसते गालात हसले. त्यांना दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. काचबिंदू. पण बायको आत्ता काय करतेय हे त्यांना बरोबर कळलं होतं.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत शहापुरे काकांचं स्पीकरचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे गाणं ऐकण्याची खोली, तिला जाड मरून रंगाचे पडदे. मी राजमती चौगुले, वय वर्षं तेवीस, एक महिन्याच्या बोलीवर तिथे लागले होते, आणि तो महिना नेमका त्या दिवशी संपत होता. सकाळी शटर वर करता करता काका म्हणाले होते, "कोपऱ्यातला काळ्या स्पीकरचा जोड आज विकून काढायचा. तो गेला की तू कायम." इतकं सरळ.

मला शंका कशाला येईल? मला आयुष्यात स्वतःबद्दल कधी शंका आली नव्हती. बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडून मी या दुकानात आले तेव्हा घरचे म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, परिणाम झाला तर झाला, पण मला हेच करायचंय. आणि जोड काढणं म्हणजे काय, माझं तोंड सुरू झालं की गिऱ्हाईक पाकीट काढूनच उठायचं.

त्यात काकांचा मोठा हात होता, हे मी मान्य करते. पहिले आठ दिवस त्यांनी मला काही विकूच दिलं नाही. मागच्या खोलीत बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, गाणं लावायचे आणि विचारायचे, "सांग, गाणारी बाई कुठे आहे?"

"स्पीकरमध्ये," मी म्हणायचे.

"मग अजून ऐकू आलं नाही तुला. परत."

आठव्या दिवशी ती बाई स्पीकरमधून बाहेर आली आणि दोन डब्यांच्या मधोमध, समोरच्या कॅलेंडरखाली उभी राहून गायला लागली. मी डोळे उघडले तर तिथे कोणी नव्हतं. मला इतकं हसू आलं, इतकं रडू आलं! काका म्हणाले, "आता विक." पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात काढली, पण कुणी मला इतकं नीट काही शिकवलं नव्हतं. त्या माणसाबद्दल मला कसलं प्रेम होतं सांगू!

तर दत्तोबा आणि आक्काताई त्या दिवशी अकराच्या सुमारास आले. ते धिप्पाड, पांढरा फेटा, कान पार मुरगळून गाठी झालेले. जुना पैलवान. मी मनात म्हटलं, या कानांनी हे काय ऐकणार, कप्पाळ! त्या बारक्या, चपळ, हातात पिशवी. आत येतानाच त्यांनी सांगून टाकलं, "बारा हजार. त्येच्यावर एक रुपाया न्हाई. मागनं वायर, स्टँड, असलं कायबाय काढू नगंस. गाणं वाजवायचं मशीन पुतण्याचं जुनं हाय, त्येला लावायचं दोन खोकी बघायला आलोय."

"काय ऐकायचंय, आजी? अभंग?"

"कुस्ती," दत्तोबा म्हणाले.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"कुस्तीची मैदानं गं. पुतण्यानं कडंला रेकॉर्डिंगचं मशीन ठिवून भरून आणल्यात. हलगी, निवेदक, पब्लिक, सगळं हाय. मोबाइलवर लावतो, पण त्यात सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात कोंडल्यागत वरडत्यात. सगळं एका भोकातनं येतंय. कोण कुटं उभं हाय कळंना. मला मैदान दिसलं पायजे."

"दिसलं?"

"ऐकून दिसतंय, पोरी. पण जागा कळाय पायजे."

माझ्या अंगावर काटा आला. महिनाभर काका मला जे शिकवत होते ते हा मनुष्य फेटा सावरत सहज बोलून गेला होता. मी मनाशी म्हटलं, तात्या, आज तुम्हाला असं मैदान दाखवते की बस्स.

"नुसतं बसून असत्यात," आक्काताई हळूच मला म्हणाल्या. "चाक बंद केलं. मातीला हात लावत न्हाईत. जेवलं का जेवलं, निजलं का निजलं. म्हणून म्हटलं बघूया."

मी आधी त्यांच्या बजेटातला एक जोड लावला. दोन वीत उंच, तपकिरी, साधासुधा. असल्या स्पीकरना बुकशेल्फ म्हणतात, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे. दत्तोबांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. हलगी कडाडली, कैताळ वाजला, निवेदकाचा घसा सुटला. दत्तोबा ताठ बसले.

"हलगी डाव्या अंगाला. निवेदक वर, मंचावर. पब्लिक मागं." मग मान डोलावून, "मैदान बारकं हाय. पर हाय."

"हा नुसता नमुना होता, तात्या," मी म्हटलं, "आता खरा माल ऐका." आणि कोपऱ्यातला काळा जोड पुढे ओढला. त्याच्यावर वीस हजारांची चिठ्ठी, तिच्यावर काट मारून बारा. "शोरूमचा पीस आहे म्हणून एवढा उतरवलाय. असा जोड बारात अख्ख्या कोल्हापुरात मिळायचा नाही. तुमचं नशीब जोरावर आहे." आणि हे मी बनवून सांगत नव्हते हो. प्रत्येक शब्दावर माझा विश्वास होता. सहा महिने हा जोड कोपऱ्यात का पडून होता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात ती टिचकी.

हसून झाल्यावर मी आक्काताईंना शिकवायला बसले. अगदी मास्तरीण! "आजी, मडकं खणखणीत वाजलं की पक्कं, आणि बद्द वाजलं की चीर गेलेली, बरोबर? स्पीकरचं नेमकं उलटं असतं. याचा डबा मुका पाहिजे. डबाच बोलायला लागला तर गाणं कोण ऐकणार?"

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. मग परत दोन्हींना एकेक टिचकी मारली.

"मुकं तर मुकं. पण मग दोनी सारखंच मुकं पायजेत की. जोड म्हणालीस न्हवं? ह्यो एक बोलतोय आन् त्यो निराळंच बोलतोय."

"डावा भिंतीजवळ आहे ना, म्हणून," मी म्हटलं आणि डावा वीतभर पुढे घेतला. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. हा माझा तेव्हाचा मोठा गुण.

मी कुस्ती लावली. त्या काळ्या जोडाचा आवाज काय भरदार! सगळी खोली मातीनं भरली. दत्तोबांचा चेहरा उजळला, आणि मी मनातल्या मनात कायम झाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, हलगीवाला चालतोय का गं?"

"चालतोय म्हणजे?"

"थाप मारली की मदी येतोय. कडाडली की डावीकडं पळतोय. कुस्ती लागली म्हणजे हलगीवाला जाग्यावर उभा असतोय. फिरत्यात ती पैलवानं."

"तुमची खुर्ची जरा तिरकी आहे, तात्या." मी खुर्ची सरळ केली. हलगीवाला चालतच राहिला. मी एका बाजूचा पडदा ओढला. तरी चालत राहिला. मी वायर काढून घालून पाहिली. दत्तोबा म्हणाले, "जरा दमानं चालाय लागलाय," आणि मी ओशाळून हसले.

"अदलाबदल कर बघू," आक्काताई म्हणाल्या. "डाव्याला उजवीकडं ठेव."

"त्याने काय होणार, आजी?"

"चाकावर मडकं डुलाय लागलं की आमी बघतो, चाक डुलतंय का माती. माती उचलून फिरवून ठिवायची. डुलणं तिच्यासंगं फिरलं तर दोष मातीत. जागेला ऱ्हायलं तर चाकात."

हे इतकं सरळ होतं! मी अदलाबदल केली. पुन्हा कुस्ती लावली.

"आता उजवीकडं पळतोय," दत्तोबा म्हणाले.

मग मी डोळे मिटले. त्या सबंध सकाळी पहिल्यांदा. मी नुसती बोलत होते, ऐकलं असं काहीच नव्हतं. आता ऐकलं. हलगीची थाप मधोमध पडत होती आणि तिचा कडकडाट उजव्या बाजूला घसरत होता. म्हाताऱ्याचं शंभर टक्के खरं होतं.

मी उजवीकडे गेलेला तो स्पीकर पाठमोरा केला आणि खालच्या कडेवरून नख फिरवलं. काळ्या शीटखाली एक उंचवटा लागला, कोपऱ्यापासून तिरका वर गेलेला. पुढून पाहिलं तर वूफरभोवतीचे, म्हणजे खालच्या मोठ्या गोल पडद्याभोवतीचे, चारी स्क्रू चकचकीत नवे. दुसऱ्या स्पीकरचे स्क्रू जुने, काळपट.

"पाणी आणते हं," म्हणून मी बाहेर आले.

काका काउंटरवर चष्मा नाकावर ओढून एका वायरीला सोल्डरचा डाग देत बसले होते.

"काका, काळा जोड पडला होता का?"

त्यांनी मान वर केली नाही. "कोण म्हणालं?"

"मीच विचारतेय."

"माझ्याच हातून पडला. स्टुलावरून. एकाचा डबा तडकला, वूफर गेला. डबा चिकटवला, वूफर दुसरा बसवला, वरून शीट मारली. आवाज येतो ना?"

"येतो. पण तो जोड राहिलेला नाही."

"राजमती, वीस हजारांची वस्तू बारात जातेय. तेवढं उणं-अधिक चालायचंच. कुस्ती ऐकणारी म्हातारी माणसं ती, त्यांना काय कळतंय?"

"त्यांनाच कळलंय, काका. मला कळलं नव्हतं."

आता त्यांनी चष्मा काढला. "फुटका आहे असं म्हणाले?"

"नाही. हलगीवाला चालतो म्हणतात."

"मग सांग, खोलीचा दोष आहे. घरी गेल्यावर बसेल जागेवर." वायरीवर फुंकर मारून ते पुन्हा कामाला लागले. "आणि सकाळी आपलं काय ठरलंय ते लक्षात ठेव."

मला राग यायला हवा होता. तो नाही आला. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. डोळे मिटायला लावून आठ आठ दिवस ऐकायला शिकवलं ते यांनी, आणि आता ऐकू येतंय तर ऐकू नकोस म्हणत होते तेही हेच. मी दोन पेले पाणी भरलं आणि आत गेले.

आत जाताना काय ठरवलं होतं? खोटं कशाला सांगू, गप्प बसायचं ठरवलं होतं. मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी म्हणत नाही, त्या खोलीसाठी. त्या मरून पडद्यांच्या आत मला जे सापडलं होतं ते शहरात दुसरीकडे कुठे सापडणार होतं? 'खोलीचा दोष आहे, आजी' हे वाक्य जिभेवर तयार होतं. अगदी माझ्या नेहमीच्या ठसक्यात निघालं असतं.

दत्तोबा पाणी प्याले. आक्काताईंनी पेला हातातच धरला.

"पोरी, आमच्यात मडकं इकायच्या दोन रीती हायत," त्या म्हणाल्या. "एक म्हंजे, 'वाजवून घ्या' म्हणायचं. गिऱ्हाईकानं वाजवायचं, बघून न्यायचं. घरी जाऊन झिरपलं तर त्येचं त्यो. दुसरी रीत, कुंभारणीनं आपल्या हातानं वाजवून द्यायचं. मग ते मडकं तिचं. कवाबी परत आलं तर दुसरं द्यायचं आन् वर मान खाली घालायची. बाजारात मी कवा 'वाजवून घ्या' म्हटलं न्हाई."

"हिचं एकबी मडकं परत आलं न्हाई," दत्तोबा म्हणाले. ते बोलताना त्यांची छाती फुगली होती.

"आता माजं बोट आन् ह्येंचं कान, आमी काय शिकलेली माणसं न्हाई," आक्काताई हसल्या. मग हसू पुसून माझ्याकडे बघितलं. "चुकतबी असू. तुजं शिक्षण झालंय ह्येच्यात. आमी आता वाजवत न्हाई. तू वाजवून दे. तू वाजवून दिलंस की घिऊन जातो."

बास, एवढंच. मला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. दोन टिचक्या मारायच्या, खोकी पिशवीत घालायची, मी कायम. पडद्याच्या फटीत काका उभे राहून हे सगळं ऐकत असलेले मला दिसले.

मी डाव्या डब्याजवळ गेले. बोट अंगठ्याखाली दाबलं. टक्. मग उजव्याजवळ. नेम चुकला, पुन्हा मारली. काय सांगू तुम्हाला, इतकं उघड होतं ते! एक डबा घट्ट, थोडक्यात बोलून गप्प झालेला. दुसऱ्याच्या पोटात काहीतरी सैल, बद्द. आक्काताई कान देऊन नव्हत्याच, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हा देता येत नाही मला, आजी," मी म्हटलं. "पडलेला आहे. चिकटवलाय."

दत्तोबांनी रिकामा पेला चाचपून खाली ठेवला आणि म्हणाले, "मग त्यो बारका जोड वाजीव."

मी तपकिरी जोड पुढे घेतला. टक्. टक्. दोन्ही डबे सारखंच बोलले.

"हा देते," मी म्हटलं. "वाजवून देते."

पावती काकांनी स्वतः केली. दोघांशी ते फार अदबीने बोलले, खोकी स्वतः बांधली, दारापर्यंत सोडायला आले. रिक्षा आल्यावर मला हळू आवाजात म्हणाले, "घरी जाऊन नीट लावून दे. आणि मग उद्यापासून येऊ नकोस." ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रिक्षात बसल्यावर रडले, चांगली हुंदके देऊन रडले. आक्काताईंनी विचारलं, "आमच्यामुळं गं?" मी म्हटलं, "नाही, माझ्यामुळं." त्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

कुंभारवस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. अंगणात बंद पडलेलं चाक, त्यावर पोतं टाकलेलं. आक्काताईंना खोकी भिंतीतल्या कोनाड्यात बसवायची होती. "पुस्तकाच्या फळीवरची म्हणालीस, आमच्यात पुस्तकं न्हाईत, कोनाडं हायत." मी म्हटलं, कोनाड्यात घातली तर पुन्हा डब्यात कोंडल्यासारखं होईल, भिंतीपासून लांब, तात्यांच्या कानांच्या उंचीवर पाहिजेत. स्टँड तर घ्यायचे नव्हते. त्या क्षणभर विचार करून मागे गेल्या आणि दोन सारख्या उंचीचे रांजण ढकलत आणले. आम्ही ते वाळूने भरले, वर पाट टाकले, पाटावर स्पीकर. हजारो रुपयांच्या स्टँडला ऐकायचा नाही असा ठाम बसला जोड. आज माझ्याकडे येणाऱ्यांना मी ही युक्ती फुकट सांगते.

मग आक्काताई हळदकुंकू घेऊन आल्या आणि बोट थेट स्पीकरच्या वरच्या नाजूक घुमटावर, जिथून बारीक आवाज निघतो तिथेच, न्यायला लागल्या. "आजी!" मी किंचाळले. "तिथे दाबलंत तर निवेदक मुका होईल!" कुंकू शेवटी लाकडावर लागलं.

पुतण्याच्या मशीनला वायरी जोडून कुस्ती सुरू केली. दत्तोबा खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग बोट उचलून दाखवायला लागले. "हितं हलगी. हितं पंच. ही पोरं झाडावर चढल्यात बघ, वरनं शिट्ट्या मारत्यात." हलगीवाला जाग्यावर उभा होता. मीही डोळे मिटले, आणि मला, आयुष्यात एकही कुस्ती न बघितलेल्या मला, मैदान दिसलं. बारकं होतं, पण होतं.

निवेदक काहीतरी लांबण लावत होता आणि मधेच दत्तोबा ताडकन उभे राहिले. "घिस्सा! अरं घिस्सा मारला!" निवेदकाला तो डाव नंतर कळला. पब्लिक उसळलं, हलगी बेभान झाली, आणि तो आंधळा पैलवान घराच्या मधोमध मांडीवर थाप मारून उभा होता.

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. "दोन वर्सांत आपणहून खुर्चीतनं उठलं न्हवतं," त्या मला म्हणाल्या. "हात धरून उठवायला लागायचं."

नोकरी गेली होती, घरी जाऊन काय सांगायचं ठरलं नव्हतं, आणि मला असला आनंद झाला होता की विचारू नका.

निघताना त्यांनी मला एक मडकं दिलं. लहानसं, काळं, दत्तोबांच्या हातचं शेवटच्या भट्टीतलं. आधी कानाजवळ धरून तीनदा टिचकी मारली. खणखणीत. मग माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. "वाजवून दिलंय," त्या म्हणाल्या.

मधली वर्षं सांगत बसत नाही. माझं आज स्वतःचं दुकान आहे, ऐकायची खोली आहे, पडदे मरूनच आहेत. ते मडकं काउंटरवर असतं. जोड बांधण्याआधी मी दोन्ही डबे गिऱ्हाईकासमोर वाजवते. नवी माणसं हसतात, मी त्यांना हसू देते.

गेल्या दिवाळीच्या आधी शहापुरे काका आले. दुकान त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, ते मला बाहेरून कळलं होतं. चौदा वर्षांत आम्ही एकमेकांना फोनसुद्धा केला नव्हता. खूप वाळले होते, उजव्या कानात यंत्र. दारातच थांबून म्हणाले, "छोट्या घरात राहायला गेलोय. बुकशेल्फ पाहिजेत. बजेट फार नाही हं, राजमती."

मी त्यांना खोलीत बसवलं. तीन जोड लावले. तासभर ते डोळे मिटून ऐकत होते. मला राहवलं नाही. "काका, सांगा, गाणारी बाई कुठे आहे?"

त्यांनी डोळे न उघडता बोटाने दाखवलं. बरोबर मधोमध.

त्यांनी मधला जोड निवडला. मी खोकं उघडलं आणि, काकांसमोर टिचकी मारणं बरं दिसणार नाही म्हणून न वाजवताच, एक स्पीकर त्यात ठेवायला उचलला.

"थांब," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, काउंटरवरच्या मडक्याकडे बघत होते. "मला वाजवून दे."

मी स्पीकर परत टेबलावर ठेवला. दोन्ही शेजारी लावले. डाव्याला मारली, उजव्याला मारली. काका चांगला कान पुढे करून वाकले होते, महिनाभर मला शिकवताना वाकायचे तसेच.

"सारखे बोलतात," ते म्हणाले, आणि पिशवी पुढे केली.